डाव्या मडगार्डचा पोचा

गेल्या महिन्यात एक गृहस्थ घरी आले होते. चाळिशीचे असतील. आयटीत नोकरी, आणि छंद मोटारींची लहान मॉडेलं बनवण्याचा. भोसरीत एक म्हातारा आहे, त्याच्याकडे फार जुनी, हातानं केलेली बस आहे, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. बिचारे पेढे घेऊन आले. मी कपाटातून गाडी काढून टेबलावर ठेवली. त्यांनी मोबाइलचा दिवा लावून ती खालूनवरून पाहिली, तोंडभर स्तुती केली, आणि मग डाव्या मडगार्डवर बोट ठेवून म्हणाले, "काका, एवढा डेंट सोडला तर पीस एक नंबर आहे. दोन दिवस माझ्याकडे द्या. डेंट काढतो, फिलर भरतो, वर दोन कोट मारतो. नवीकोरी करून देतो, बघा तुम्ही!"

मी म्हणालो, "हात काढा."

त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. ते हसले आणि बोट तसंच ठेवलं. मग मात्र मी असा ओरडलो की शेजारचं दार उघडलं. तो माणूस पेढ्यांचा डबा टेबलावर विसरून गेला. सून म्हणाली, "बाबा, काय हे? तो मदत करत होता हो!"

हेच तर. माझ्या अंगावर चालून आलेल्या माणसाचा मला कधी एवढा राग आला नाही. मदत करणाऱ्यांनीच माझं डोकं फिरवलंय आयुष्यभर. सुनेला सगळं सांगायला बसलो तर धड सांगता येईना, राग मध्येच उसळून यायचा. म्हणून लिहून काढतो.

आमचे वडील, आबा, ड्रायव्हर होते. पुण्याहून चाकणवरून खेडला जाणाऱ्या सर्व्हिस मोटारीवर. सरकारी गाड्या यायच्या आधी या रस्त्यावर शेटलोकांच्या खासगी मोटारी धावायच्या, त्यातली एक आबांच्या हातात होती. मालक खेडचा एक शेट. पण भोसरीपासून चाकणपर्यंत कुणालाही विचारा, गाडी आबांचीच. पुढे लांब नाक, वर टपावर सामानाचा कठडा, मागे शिडी, उजव्या हाताला रबरी फुग्याचा भोंगा. लढाईच्या काळात पेट्रोल मिळेना तेव्हा मागे कोळशाची टाकी लावून त्यांनी ती चालवली. घरी यायचे ते काळेकुट्ट होऊन. आई म्हणायची, "आधी तोंड धुवा, मग कळंल कोण आलंय ते."

मग सरकारी गाड्या सुरू झाल्या. शेटनं मोटार विकली. कुणाला विकली, कुठे गेली, हे आबांना आठ दिवसांनी चाकणच्या बाजारात एका हमालाकडून समजलं. मोडीत गेली होती. आबा सरकारी नोकरीसाठी गेले, तर डोळ्यांच्या तपासणीतच बाहेर काढलं. काचबिंदू. पुण्याच्या डॉक्टरांनी थेंब टाकायला दिले आणि स्पष्ट सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही, आहे तीही टिकेल असं नाही. नाही टिकली. सन पंचावन्न-छप्पनच्या सुमाराला आबांना पूर्ण अंधार झाला.

ओसरीवर बसून असायचे. रस्त्यावरून गाडी गेली की गिअरच्या आवाजावरून सांगायचे, "नवा हाय डायवर. क्लच भाजून काढनार." हे बरं होतं. पण एक दिवस ते आपले दोन्ही हात पुढे धरून बसलेले मी पाहिले. स्टीअरिंग धरल्यासारखे. मला वाटलं गाडी चालवतायत. जवळ गेलो तर म्हणाले, "चाक केवढं व्हतं रं? एवढं का एवढं? हात इसराय लागलं माझं."

सत्तावीस वर्षं ज्या हातांनी ती गाडी हाकली ते हात विसरायला लागले होते. डोळे गेले तेव्हा हा माणूस रडला नव्हता. त्या दिवशी मात्र रडला. मी तिथेच ठरवलं, आबांची गाडी आबांच्या हातात द्यायची. पत्र्याची का होईना, लहान का होईना, पण बोट फिरवलं की जागच्या जागी सगळं लागलं पाहिजे.

मी तेव्हा पिंपरीच्या बाजूला एका कारखान्यात फिटर होतो. बाटल्यांची रबरी बुचं आणि टोपणं तयार व्हायची तिथे. तो कारखाना आता नाही. भोसरीहून सायकलवर जायचो, यायचो. हातांना शिवशिव आधीपासून होती. लहानपणी खराट्याच्या काड्यांचे छकडे, मग काड्यापेट्यांचे ट्रक, मग पत्र्याची जीप. आईच्या मते सगळा रिकामटेकडेपणा. "घोडा झाला तरी खेळण्यात जीव घालतोय," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. पण ही गाडी बघून करायची सोय नव्हती. गाडी मोडीत गेलेली, फोटो एकही नाही.

मग मी आबांची मापं घेतली.

हसू नका. दुसरं माप कुठे होतं? आबा म्हणाले, बॉनेट छातीच्या हाडापर्यंत यायचं. मी फूटपट्टी घेऊन त्यांना उभं केलं आणि जमिनीपासून छातीच्या हाडापर्यंत मोजलं. फुटाला पाऊण इंच असं प्रमाण धरलं होतं, त्या हिशेबानं बॉनेटची उंची निघाली. पायरीवर पाय ठेवला की गुडघा कुठे यायचा? मोजला. गाडी सुरू करायचं पुढचं हँडल मारायला वाकलं की डोकं कुठवर? वाका आबा. वाकले, मोजलं. टपावरचं सामान काढताना हात किती वर? दोन्ही हात वर करून म्हातारा अंगणात उभा, आणि मी स्टुलावर चढून फूटपट्टी लावतोय. शेजारची पोरं हसायला लागली तर आबा म्हणाले, "हसा लेकांनो. बॉडी बांधतूया पोरगा." फार दिवसांनी त्यांच्या आवाजात रग होती.

दीड फुटाला थोडी कमी, एवढी गाडी झाली. अंग रॉकेलच्या डब्याच्या पत्र्याचं. मडगार्डला पत्रा पातळ हवा, तो बिस्किटाच्या डब्याचा. चाकांना आमच्याच कारखान्यातली मोठ्या बाटल्यांची नापास बुचं, चकत्या कापून पॉलिशपेपरवर घासलेली. दिव्यांना अॅल्युमिनियमची टोपणं. रेडिएटरला चहाच्या गाळणीची जाळी. ती मी आईला न सांगता कापली आणि आठ दिवस चोथ्याचा चहा प्यायलो. हँडल सायकलच्या स्पोकचं. आणि भोंग्याचा फुगा म्हणजे आबांच्या डोळ्यांच्या थेंबांच्या ड्रॉपरचं रबर. थेंब तरी आता कशाला हवे होते? पत्र्यावरचे रिबिट मी मागून खिळ्यानं एकेक टोचून उठवले, दोन्ही बाजू मिळून सहाशेच्या वर. बघणाऱ्याला त्यातले शंभर पुरले असते. पण ही गाडी बोटानं वाचायची होती.

राहिला पोचा.

आबांच्या गाडीच्या डाव्या मडगार्डला पोचा होता, जेवायच्या थाळीएवढा. मोशीच्या उतारावर एकदा वळणातून बैलगाडी रस्त्याच्या मधोमध आली. गाडीत तीसएक माणसं. आबांनी गाडी डावीकडे घालून मैलाच्या दगडावर घेतली. बैल वाचले, माणसं वाचली, मडगार्ड आत गेलं. शेट म्हणाला, ठोकून काढ. आबा म्हणाले, काढायचा नाही. "तिनं आपल्या अंगावर घेतलं म्हनून तीस मानसं जिती हायत," हे त्यांचं म्हणणं. त्या दिवसापासून रोज पहाटे हँडल मारण्याआधी ते त्या पोच्यावर तळहात ठेवायचे, आणि मगच हँडलला हात घालायचे. नमस्कार नाही, काही पुटपुटणं नाही. तळहात ठेवायचा, नुसता. रस्त्यावरची माणसंही गाडी पोच्यावरून ओळखायची.

फुटाला पाऊण इंच, म्हणजे थाळीएवढा पोचा पाऊण इंचाचा. तो मला चार वेळा चुकला. एकदा पत्रा फाटला, एकदा फार गोल आला, पळीसारखा. पाचव्यांदा वाळूच्या पिशवीवर मडगार्ड ठेवून लाकडी ठोकणीनं बेताबेतानं ठोकला, तेव्हा जमला.

रंग द्यायच्या आधी मी ती नुसत्या पत्र्याची गाडी आबांच्या मांडीवर ठेवली. काही सांगितलं नाही. त्यांचा उजवा हात आधी टपावर गेला, मग शिडीवर, मग बॉनेटवरून घसरत खाली आला. आणि तळहात, म्हणजे आता एकटा अंगठा, डाव्या मडगार्डवर जाऊन थांबला. पोच्यात बसला. आबांचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येणार नाही. त्यांनी अंगठा तिथून हलवला नाही आणि डाव्या हातानं चाचपत स्पोकचं हँडल शोधलं, फिरवलं. म्हणाले, "हां." मग थोड्या वेळानं, "रंग मारून झाला की दे. मग म्या हातातनं सोडनार न्हाई."

मी निळा रंग टर्पेंटाइन घालून पाण्यासारखा पातळ केला, रिबिट बुजू नयेत म्हणून. दोन हात मारले आणि वाळवला.

आता माझी अक्कल कुठे गेली होती ते सांगतो. रंग वाळलेली गाडी सरळ आबांच्या हातात द्यायची की नाही? नाही दिली. कारखान्यात गणपतीत कामगारांच्या हातकामाचं प्रदर्शन असायचं. भरतकाम, विणलेले रुमाल, कुणाचं मखर, असं. आमच्या फोरमनच्या कानावर माझ्या गाडीची गोष्ट गेली. ते म्हणाले, "आण की. मोठे साहेब येणार आहेत बघायला." आणि मला हुरळून जायला एवढं पुरलं! आबांना म्हणालो, "चार दिवसांनी देतो, रंग ओला आहे." खोटं बोललो. आंधळ्या बापाशी, डोंबलाच्या प्रदर्शनासाठी.

फोरमन माणूस वाईट नव्हता. तोच तर सगळा घोळ आहे. वाईट असता तर चार शिव्या घालून मी मोकळा झालो असतो. परळच्या रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं पत्र्याचं काम करून आलेला, हातात जादू, जिभेवर साखर. गुरुवारी गाडी घेतली, दोन्ही हातांनी फिरवून पाहिली, आणि म्हणाले, "ठेव माझ्या कपाटात. शनिवारी मी स्वतः मांडतो." मी निर्धास्त घरी आलो.

शनिवारी प्रदर्शनात गेलो तर टेबलावर एक गाडी होती. निळीशार, आरशासारखी चमकणारी, बाजूनं बारीक सोनेरी रेघ. मला क्षणभर ओळखूच आली नाही. मग गाळणीची जाळी दिसली. मी डावीकडे गेलो, वाकून पाहिलं. मडगार्ड गुळगुळीत. पोचा नाही. जाड रंगाखाली सहाशे रिबिटांतले सहासुद्धा वर दिसत नव्हते.

तळपायाची आग मस्तकात गेली. आणि नेमके तेव्हाच मोठे साहेब आले. फोरमननं माझ्या खांद्यावर हात ठेवून मला पुढे ढकललं. साहेबांनी हात मिळवला, "वा, काय फिनिश आहे!" म्हणाले, पहिला नंबर जाहीर केला आणि पितळेचा पेला दिला. टाळ्या झाल्या.

आणि मी हसलो. फिनिशचं कौतुक ऐकून दात काढून हसलो हो! फोरमनचा राग मला कधीतरी येतो, त्या हसण्याचा रोज येतो.

रविवारी सकाळी गाडी आबांकडे नेली. वाटेत शंभर वेळा मनात आलं, न नेलेलीच बरी. पण चार दिवस झाले होते आणि ते विचारत होते. मांडीवर ठेवली. हात टपावर गेला, शिडीवर गेला, बॉनेटवरून खाली आला. अंगठा डाव्या मडगार्डवरून सरकला. परत आला, परत सरकला. मग उजव्या मडगार्डवर गेला, बाजू चुकली की काय ते बघायला. पुन्हा डावीकडे.

आबा म्हणाले, "झ्याक झालीया. हाताला कशी काच लागतीया."

"आबा..."

"लई भारी काम. ठेव फळीवर. धूळ बसंल."

हातातून सोडणार नाही म्हणाले होते. दोन मिनिटंसुद्धा धरली नाही. पाहुण्यानं आणलेली न आवडणारी मिठाई बाजूला ठेवावी तशी बाजूला ठेवली. माझं कौतुक करून! त्यांनी मला फाडकन वाजवली असती तर बरं झालं असतं. ते परत रस्त्याकडे तोंड करून बसले. एक ट्रक गेला, पण गिअरबद्दल काही बोलले नाहीत. आईनं पितळेचा पेला घासून आबांना त्यातून पाणी दिलं, तेव्हा तो पेला उचलून परसात फेकावासा वाटला मला.

सोमवारी कामावर पोचलो तो सरळ फोरमनपुढे उभा राहिलो.

"पोचा का काढलात?"

त्यांचा चेहरा फुलला. त्यांना वाटलं आभार मानायला आलोय. "अरे, पोचा होता तो! तुला वेळ मिळाला नसेल. म्हटलं एवढी देखणी वस्तू आणि नेमकं समोरच लागलेलं. दोन संध्याकाळी थांबलो मी त्यापायी. तीस वर्षांत माझ्या हाताखालून पोचा असलेला पत्रा कधी बाहेर गेला नाही."

"तो मी केला होता. मुद्दाम केला होता."

"मुद्दाम पोचा कोण करतं?" ते हसले. "आणि ऐक, परत यायचा नाही आता. आतून मी कथलानं पट्टी डाखली आहे. हत्ती बसला तरी मडगार्ड हलणार नाही."

पट्टी! पोचा काढलाच, वर तो पुन्हा कधी पडू नये याचीही व्यवस्था केली. मी ओरडलो, "कुणाला विचारून?"

सगळं वर्कशॉप थांबलं. फोरमन माझ्याकडे बघत राहिले. रागावले नाहीत, खरोखर गोंधळले. म्हणाले, "अरे, नीट करायला काय विचारायचं असतं?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. त्या वर्षांत आमच्या भागात जो तो काहीतरी नीट करत होता. मोशीचं वळण नीट केलं, त्यात तो मैलाचा दगडही गेला. रस्त्याकडेच्या चिंचा तोडून रस्ता नीट केला. पिंपरीकडे शेतांचे बांध काढून जमीन नीट केली आणि कारखाने आले, त्यातल्याच एकात मी पगार खात होतो. सगळं चांगल्यासाठीच. विचारायला मात्र कुणी कुणाच्या दारात आलं नाही. मी फोरमनला एवढंच म्हणालो, "माझा बाप आंधळा आहे. त्याला तेवढंच एक दिसत होतं." त्यांचं तोंड उतरलं. मी वळलो आणि मशीनकडे गेलो. पुढे तीन वर्षं आम्ही एकाच छताखाली काम केलं, पण त्या विषयावर ना ते बोलले ना मी.

पुढच्या रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी फळीवरून गाडी उतरवली. आबा ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. झोपलेत असं वाटलं. मी अंगणात निखाऱ्यांत कथलाचा डाग लावायचं लोखंड तापवलं आणि मडगार्डच्या आतून लावलं. फोरमनचा डाग पक्का, सुटता सुटेना. रंग जळून धूर निघाला, बोटं भाजली. शेवटी पट्टी निघाली, पण तिच्यासोबत मडगार्डही गाडीवरून सुटून हातात आलं. ते मी दगडावर ठेवलं आणि हातोडा घेतला. वाळूची पिशवी नाही, लाकडी ठोकणी नाही. हातात नुसता राग. एक घातला. रंगाचा टवका उडाला आणि कडेला वेडावाकडा खड्डा पडला. दुसरा घालायला हात उचलला.

"ए गाढवा! ठेव खाली!"

अंगणातली कोंबडी उडाली. आई आतून धावत आली. आबा उभे राहिले होते. भिंतीला हात न लावता, दोन्ही मुठी आवळून. उतारावर समोरच्या गाडीवाल्याला घालायचे तो आवाज मी पाच-सहा वर्षांत ऐकला नव्हता.

"माज्या गाडीवर हातोडा घालतूस?"

मी म्हणालो, "आबा, पोचा करतोय. त्यांनी काढला, म्हणून..."

"ठावं हाय मला काढला त्यो! बोटं मेली न्हाईत माजी!" ते ओसरीच्या कडेपर्यंत आले. "शेटनं गाडी इकली, मला इचारलं न्हाई. डोळं गेलं, कुनी इचारलं न्हाई. मोशीचा दगड उपटला, इचारलं न्हाई. आन तू? रंग वला हाय म्हनलास. चार दिस म्या वाट बगत बसलो, आन तू गाडी जत्रंत मिरवाया नेली. पेला जितून आनलास. मला इचारलंस? द्येऊ का म्हनून येकदा तरी इचारलंस?"

फोरमनला मी विचारलेला प्रश्न फिरून माझ्याच तोंडावर आला होता. एवढे दिवस मी सगळ्या जगावर चिडत होतो आणि यादीत पहिलं नाव माझंच होतं. आबांना सगळं ठाऊक होतं, ओल्या रंगाचं खोटंसुद्धा. आठ दिवस त्यांनी ते गिळलं होतं, मुलाचा हिरमोड नको म्हणून. मी हातोडा खाली ठेवला. म्हणालो, "नाही विचारलं. चुकलो."

आई काही बोलायला गेली. आबांनी हातानं तिला थांबवलं आणि खाली बसले. धाप लागली होती. मग हात पुढे केला. "आन हिकडं. कुटं मारत व्हतास?"

मी मडगार्ड त्यांच्या हातात दिलं. माझ्या हातोड्याच्या खड्ड्यावर त्यांचं बोट फिरलं. "ह्यो कुटला? हितं न्हवताच. ह्याच्या म्होरं व्हता, दिव्याच्या अंगाला. पट्टी काडलीस न्हवं?"

"काढली."

त्यांनी मडगार्ड डाव्या हाताच्या बोटांवर पालथं धरलं, आणि उजव्या हाताचा अंगठा नेमका जागेवर ठेवला. दाबला. पत्रा पातळच होता, बिस्किटाच्या डब्याचा. टक् असा आवाज झाला आणि पोचा आत गेला. जाड रंगाला भोवतीनं तडे गेले, माझ्या पोच्यापेक्षा तो किंचित खोल झाला. माझा मी मापानं केला होता.

"डाग लाव," आबा म्हणाले.

मी लोखंड पुन्हा तापवलं, मडगार्ड जागेवर बसवलं, डाखलं. डाग गार होऊ दिला. मग गाडी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांचा अंगठा पोच्यात जाऊन बसला. डाव्या हातानं चाचपत त्यांनी हँडल धरलं, आणि फिरवायच्या आधी थांबून माझ्याकडे तोंड वळवलं.

"मारू का हँडल?" त्यांनी मला विचारलं.